तलावाकाठी की टेकडीवर

थंडी कशी पडणार यावर आमच्या गावात दसऱ्यापासून वाद सुरू व्हायचा. पावसावर कोणी वाद घालत नसे. तो धानाला पुरला किंवा नाही पुरला, विषय संपला. थंडी मात्र अजून यायची असायची, त्यामुळे तिच्याबद्दल काहीही बोलायची सोय होती.

वाद पोस्टाच्या ओट्यावर चालायचा. टपालाची थैली रवाना झाली की पोस्टमास्तर तीन दिवसांपूर्वीचं नागपूरचं वर्तमानपत्र उघडायचे आणि आधी हवामानाचा कोपरा वाचायचे. पन्नाशी उलटलेले विधुर गृहस्थ. कांदासुद्धा खात नसत. जंगल खात्याचा नाकेदार सायकल भिंतीला टेकवून ओट्याच्या कडेला बसायचा. मासळी आणि भांडण या दोन्ही गोष्टी त्याला रोज लागायच्या.

"पाऊस उशिरा गेला," पोस्टमास्तर म्हणायचे, "म्हणजे थंडीही उशिराच येणार, आणि येईल ती मऊच."

"उलटं हाय जी," नाकेदार म्हणायचा. "पाऊस उशिरा गेला म्हंजे जमीन ओली. ओल्या जमिनीवर थंडी दाबून बसते. तलावावर बदकं येऊन राह्यले आतापासून. त्याईले तुमचा पेपर जाते का?"

"बदकांना नोकरी नाही. ती केव्हाही येतात."

"मले नोकरी हाय, म्हनून तर मी जंगलात फिरतो. तुमी तिकिटं चाटा."

हे असं महिनाभर. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि चांदा जिल्ह्यातल्या त्या गावी मुलींच्या शाळेवर एकटी मास्तरीण होते. वैनगंगा तिथून कोसभर. शाळा म्हणजे एक खोली, मातीच्या भिंती, वर कवेलू आणि मागे एक ओसरी. ओट्यावर बसणं मला शोभलं नसतं. पण माझं बिऱ्हाड पोस्टाच्या समोरच होतं आणि दारात तांदूळ निवडायला कोणाची बंदी नव्हती. वर्षभरात मी दारातूनच बोलायला लागले आणि मग तेही मला विचारायला लागले, कारण माझ्याकडे थर्मामीटर होतं.

ते शाळेच्या सामानातून आलेलं. मी ते मागच्या ओसरीत भिंतीला टांगलं होतं. सकाळी सातला शाळा भरायची, तेव्हा एक मुलगी ते वाचायची आणि मी वहीत आकडा लिहायची. मला हवेचं वेड नव्हतं. मुलींना शंभरपर्यंतचे आकडे वाचता यावेत, एवढाच हेतू. पण दोन हिवाळे वही भरली आणि वही भरली की लोक तिला मान देतात. तिसऱ्या वर्षी पोस्टमास्तर रोज विचारू लागले, "आज किती?"

त्या वर्षी आश्विनात आकडे चढे होते. गेल्या दोन्ही सालांच्या त्याच आठवड्यांपेक्षा पाच-सहा अंश जास्त, आणि तेही रोज. पोस्टमास्तरांना आनंद झाला.

"आता बोला," ते नाकेदाराला म्हणाले. "हा कागद आहे. बदक नाही."

या वादात एकाच माणसाचं खरोखर काही अडकलेलं होतं. तो ओट्यावर बसत नसे, खाली उभा राहून ऐकायचा. ढिवर माणूस, तलावात मासे धरणारा, आणि वर्षाचे काही महिने कोसा पाळणारा. कोसा म्हणजे टसर रेशमाचा कोश. त्याच्या अळ्या घरात वाढत नाहीत, उघड्या झाडावर वाढतात. ऐनावर, ज्याला तिकडे येन म्हणतात, किंवा अर्जुनावर. वर्षात पिकं तीन. तिसरं थंडीतलं, सगळ्यात सावकाश. त्या तिसऱ्या पिकाच्या कोशांतूनच पुढच्या पावसाळ्याचं बीज ठेवायचं. त्याच्या घरचं बीज आजोबापासून चालत आलेलं होतं. ते एका हिवाळ्यात गेलं तर पुढच्या वर्षी झाडावर चढवायला काही नाही. दुसऱ्याच्या बिजावर, दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं. हे त्यानेच मला एकदा सांगितलं होतं, अगदी सरळ, रडगाणं न गाता.

प्रश्न जागेचा होता. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, अर्जुनाची झाडं होती. पानं हिरवी, कोवळी, माघापर्यंत टिकणारी. पण जागा खोलगट. कडक थंडी पडली की सगळी तिथे उतरून साचते आणि अळ्या आखडतात. दुसरी जागा टेकडीवरची. तिथे येन होता आणि थंडी साचत नसे, पण पान लवकर पिकायचं, आणि टेकडी राखीव जंगलात. तिथे फांदीला हात लावायचा तर चांद्याहून पास हवा. मऊ थंडी असेल तर तलाव, कडक असेल तर टेकडी.

"भाऊ, तुमीच म्हनता थंडी कडक हाय," तो नाकेदाराला म्हणाला. "तर मग टेकडी द्या ना मले."

नाकेदार जरा हलला. "थंडी माह्या हातात नाई, अन् पासही नाई. चांद्याले अर्ज कर."

"अर्जाचं उत्तर येईस्तोवर लेकरं कुठी ठेवू, तुमच्या टोपीत?"

अळ्यांना तो लेकरं म्हणायचा. त्यांच्या घरात त्यांना किडे म्हणायची चाल नव्हती.

मग तो माझ्या दारासमोर येऊन उभा राहिला. "बाई, तुमची वही काय म्हन्ते?"

मी म्हटलं, "गेल्या दोन सालांपेक्षा ऊब आहे. रोजच आहे."

तलावाकाठी ठेवा, असं मी म्हटलं नाही. हे मी पुढे स्वतःला बरेचदा सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. त्याने विचारलं कशासाठी, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर माझा आकडा सगळ्यांच्या सोयीचा होता. पोस्टमास्तर जिंकत होते, नाकेदाराची टेकडी वाचत होती, त्या माणसाचा चांद्याचा हेलपाटा वाचत होता. मलाही कोणीतरी गंभीरपणे काहीतरी विचारत होतं.

त्याने तलावाकाठी अर्जुनावर अळ्या चढवल्या. चढवल्या की तो झाडाखालचाच. कोश विणून होईपर्यंत घरी यायचं नाही, दाढी करायची नाही, अंगाला तेल नाही, आणि जन्मभर मासळीवर वाढलेल्या माणसाने मासळी खायची नाही. बाईमाणसाने त्या झाडांत पाऊल टाकायचं नाही. पाळीवर दोन खुंटांना पानांची दोरी बांधलेली असायची. त्याची बायको रोज दोरीपाशी भाकर ठेवायची, एक हाळी द्यायची आणि मागे फिरायची. सोबतीला फक्त त्याचा धाकटा भाऊ. दोघं दिवसभर गलोलीने कावळे हाकत.

दिवाळी झाली. आकडा चढाच होता. सकाळी मुली शाळेत आल्या की ओसरीत मागच्या भिंतीला पाठ लावून, एकमेकींना ढकलत बसायच्या. मला वाटायचं, फळ्यापासून लांब पळतात. मी रोज रागवायची. "पुढे सरका. भिंतीला काय गूळ लावलाय?" त्या पुढे सरकायच्या आणि माझी पाठ वळली की पुन्हा मागे.

मग कार्तिकाच्या शेवटी एका सकाळी थर्मामीटर वाचणारी मुलगी म्हणाली, "बाई, लय खाली गेलं." मी स्वतः पाहिलं. एका रात्रीत सात अंश. बाहेर मात्र काल होती तशीच हवा होती. अंगाला काही फरक कळत नव्हता. आणि एकही मुलगी भिंतीला बसली नव्हती.

"आज पुढे कशा बसलात?" मी विचारलं.

"भित थंडी हाय, बाई."

मी भिंतीला हात लावला. ती थंड होती. म्हणजे रोज ती थंड नसायची. त्या भिंतीपलीकडे, अगदी लागून, भाद्रपदात मुरमुऱ्यांची नवी भट्टी सुरू झाली होती. भट्टीवाली पहाटे जाळ घालायची. सातपर्यंत माती तापून निघायची आणि माझं थर्मामीटर तिच्याच पाठीवर टांगलेलं. वास मला रोज यायचा, मुरमुरे मी विकत घ्यायची, आणि डोक्यात एकदाही आलं नाही. काल भट्टीवाली धान कापायला माहेरी गेली होती.

मी वही उघडली आणि आश्विनापासूनचे आकडे पाहिले. ते भट्टीचे आकडे होते. भट्टी वजा केली तर उरत होतं ते उलटंच. गेल्या दोन सालांपेक्षा हवा जास्त गार होती.

मुलींना पाढे लिहायला सांगून मी समोर पोस्टात गेले. पोस्टमास्तर शिक्के मारत होते. मी सांगितलं. त्यांनी शिक्का हातातच धरून ठेवला.

"एका दिवसाच्या आकड्यावरून असं ठरवता येत नाही," ते म्हणाले.

"एका दिवसाचाच आकडा खरा आहे. बाकीचे दोन महिन्यांचे भट्टीचे आहेत."

"मी लोकांना सांगून बसलो."

"मीही सांगून बसले. आता काय करायचं ते बोला."

मी ढिवराच्या बायकोला गाठलं. ती भाकर घेऊन निघालीच होती. सगळं ऐकून तिने टोपली डोक्यावरून खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

"बाई, तुमी दोरीच्या इकडूनच बोला. अन् मरनाचा शब्द काढू नका तिथी. लेकरं आयकतात."

पाळीवर उभी राहून मी ओरडले. मला ओरडायची सवय होती, पण मुलींवर. तो झाडांतून बाहेर आला. दाढी वाढलेली, हातात गलोल. दोरीपासून वीस पावलांवर थांबला.

"माझी वही चुकली," मी ओरडले. "थर्मामीटर भट्टीच्या भिंतीवर होतं. यंदा हवा जास्त गार आहे. वर हलवा."

त्याने गलोलीतला खडा खाली टाकला. मग म्हणाला, "भट्टी त भादव्यापासून हाय, बाई."

"हो."

"अन् तुमाले आत्ता समजलं?"

"हो."

"बाप्पा!" त्याने गलोल खांद्यावर टाकली. "आज नाई हलवता येत. लेकरं झोपून राह्यले. शेवटची झोप हाय. कात टाकेपर्यंत हात लावला त गेले. तीन दिवस, चार दिवस. सगळे एका दिवशी उठतही नाई."

"आणि तोवर थंडी पडली तर?"

त्याने मान हलवली. बायको म्हणाली, "उगी राहा, बाई, त्या शब्दाकडे जाऊ नका म्हनलं ना."

पुढचे दिवस मला धड बसता आलं नाही. थर्मामीटर अंगणात पेरूच्या झाडाला टांगलं आणि दिवसातून तीनदा, चारदा पाहू लागले. पाहून पारा थांबत नाही, हे कळत होतं. पहिल्या दिवशी एक अंश खाली. दुसऱ्या दिवशी तलावावर पातळ धुकं. शाळेत एका मुलीने सात आठे चोपन्न सांगितलं आणि माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या मुलीने तिला दुरुस्त केलं. तांदूळ निवडायला बसले तर खडे ताटात आणि तांदूळ बाहेर. संध्याकाळी ओट्यावर कोणी वाद घालत नव्हतं, आणि ती शांतता मला जास्त लागत होती.

दुसरी अडचण हातांची. डहाळी अळीसकट कापायची, टोपलीत उभी ठेवायची, अर्धा मैल चढायचं, येनाच्या फांदीला टांगायची. दोघा भावांना चार-पाच दिवस लागले असते. तिसरा माणूस हवा तर त्याने व्रत पाळलेलं हवं. मासळी न खाल्लेला, बायकोजवळ न झोपलेला. ढिवरांच्या वस्तीत असा माणूस त्या दिवसांत कुठून मिळणार?

ही यादी त्याची बायको माझ्या दारात उभी राहून मोजत होती. "मासळी नाई, कोंबडी नाई, बाई नाई, दारू नाई..." ती थांबली. आम्ही दोघींनी एकदमच समोरच्या ओट्याकडे पाहिलं.

पोस्टमास्तर वर्तमानपत्र वाचत होते.

"छे," ते म्हणाले. "मला अळ्यांची किळस येते."

"लेकरं म्हना जी," ती म्हणाली.

"मी सरकारी माणूस आहे. आणि टेकडी राखीव जंगलात आहे. पास कुठे आहे?"

हे नाकेदाराने ऐकलं. तो तेव्हाच सायकलवरून उतरला होता. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने सायकल भिंतीला टेकवली नाही, हातातच धरून उभा राहिला.

"मी म्हनलं होतं कडक थंडी पडते," तो म्हणाला. "दसऱ्याले म्हनलं होतं."

"म्हटलं होतं," मी म्हटलं.

"कोनी आयकलं नाई."

"तुम्ही स्वतःसुद्धा नाही ऐकलं. ऐकलं असतं तर पासासाठी तुम्हीच लिहिलं असतं."

त्याने खाली मातीकडे पाहिलं. मग म्हणाला, "उद्यापासून मले नदीकडच्या जंगलात काम हाय. चार दिवस. टेकडीकडे येनं होत नाई. फांदी तोडली तर मंग मी सोडनार नाई. डहाळी मानसानं तोडली का पाखरानं तोडली, ते मले कुठी दिसते?" आणि पोस्टमास्तरांना म्हणाला, "मास्तर, तुमचा कागद हरला. आता टोपली उचला."

तिसऱ्या दिवशी दुपारी निम्म्याहून जास्त अळ्या कात टाकून जाग्या झाल्या. पोस्ट दुपारी बंद झालं की पोस्टमास्तर धोतर खोचून पाळीवरून खाली उतरायचे. मी दोरीच्या अलीकडे, त्याच्या बायकोजवळ उभी असायची. करायला काही नव्हतं. टोपल्या घेऊन ते दोरीच्या पलीकडून जायचे आणि आम्ही बघायचो. अंगठ्याएवढ्या हिरव्या अळ्या, डहाळीला घट्ट धरून. पोस्टमास्तरांची मान ताठ, नजर सरळ समोर, टोपलीकडे मुळीच नाही.

"मास्तर, पायाकडे पाहा," ढिवर मागून ओरडायचा. "पत्र नाई ते, पडलं त पुन्हा उचलता येत नाई."

"एक मानेवर चढलंय!"

"चढू द्या. त्याले टेकडीच पाह्यजे."

त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही. मी आकाश पाहत होते. एकही ढग नव्हता आणि वारा पडला होता. अशा रात्रीच वाईट असतात, एवढं तोवर मीही शिकले होते.

चौथ्या दिवशीही त्यांनी अंधार पडेपर्यंत नेलं. खाली उरल्या त्या उशिरा झोपलेल्या, अजून न जागलेल्या, साधारण तिसरा हिस्सा. त्या रात्री थंडी पडली. पाचव्या सकाळी मी उजाडताच पेरूच्या झाडाकडे गेले, आकडा पाहिला आणि तशीच शाल गुंडाळून पाळीवर गेले. तलावावर धूर निघाल्यासारखं धुकं होतं. धानाच्या कापलेल्या बुडख्यांवर पांढरं. अर्जुनाच्या फांद्यांना अळ्या डोकी खाली टाकून लोंबत होत्या. तो झाडाखाली एकटाच होता. भाऊ टेकडीवर.

मी दोरीपाशी थांबले. तो माझ्याकडे आला, नेहमीच्या वीस पावलांवर.

"वर?" मी विचारलं.

"वरचे खाऊन राह्यले," तो म्हणाला. "सावकाश. पन खाऊन राह्यले."

"आणि हे?"

"हे लेकरं आता इथीच राहतात," तो म्हणाला. मरणाचा शब्द त्याने काढला नाही. मग म्हणाला, "तुमी जा बाई, शाळा भरन."

मी गेले. सातला शाळा होतीच.

येनाची पानं पिकत चालली होती आणि अळ्या थंडीने मंद. पान आधी गळतं की कोश आधी विणला जातो, यावर मार्गशीर्षभर सगळं लटकलेलं होतं. नाकेदार नदीकडचं काम संपवून आला होता आणि टेकडीच्या वाटेवरून सायकल नेताना दुसऱ्या बाजूला बघत जायचा. पोस्टमास्तर मला रोज विचारायचे, पण आता "आज किती?" नाही. "वर काय आहे?" संक्रांतीच्या आधी त्याची बायको शाळेच्या दारात आली. मुलींसमोरच बोलली.

"बाई, बीज राह्यलं. पुरन. मोठं पीक नाई, पन बीज हाय."

मी म्हटलं, "बरं झालं." ती वळली आणि पुन्हा थांबली. "ते म्हनून राह्यले, पोस्टमास्तर पुढच्या सालीही रिकामे हायेत का, विचारा."

पुढच्या दसऱ्याला ओट्यावर वाद पुन्हा सुरू झाला. मला वाटलं होतं, होणार नाही. नाकेदाराने या खेपेला बदकांऐवजी झाडांवरची कोळिष्टकं काढली, पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्र. मी दारात तांदूळ निवडत होते आणि मला कोणी काही विचारलं नाही. ढिवर खाली उभा राहून सगळं ऐकत होता. पासाचा अर्ज नाकेदाराने स्वतःच्या अक्षरात लिहून श्रावणातच चांद्याला पाठवला होता आणि पास आला होता. निम्मं बीज ढिवर तलावाकाठी चढवणार होता, निम्मं टेकडीवर. म्हणजे थंडी कशीही पडो, त्याचा प्रश्न नव्हता. तरीही तो रोज येत होता.

एका संध्याकाळी निघताना तो माझ्या अंगणात शिरला, पेरूच्या झाडाखाली वाकला आणि बुंध्याभोवतीची माती तळहाताने चाचपून पाहिली. मग सरळ झाला.

"काय पाहता?" मी विचारलं.

"काई नाई जी," तो म्हणाला. "इथी कोनी चूल त नाई मांडली ना, एवढंच."